नाकाचं हाड ऑपरेशननंतर परत वाढतं का?

माझं नाकाचं ऑपरेशन झालं हे ज्याला ज्याला कळलं त्यानं त्यानं पहिला प्रश्न हाच विचारला, "पण ते हाड परत वाढतं म्हणे ना?" स्टाफरूममधे, बचत गटाच्या मीटिंगला, तासगावच्या स्टँडवर भेटलेल्या जुन्या मैत्रिणीनं, सगळ्यांनी. आणि प्रत्येकाकडं एक गोष्ट असतेच, कुणाचा मेव्हणा, कुणाच्या जावेचा भाऊ, त्यानं दोनदा केलं तरी नाक बंदच. असलं ऐकून ऐकून लोक घाबरतात आणि वर्षानुवर्षं तोंडानं श्वास घेत दिवस काढतात. मला ते बघवत नाही, म्हणून जे मी स्वतः अनुभवलं, माझ्या डॉक्टर मॅडमना विचारून घेतलं आणि वाचलं ते सगळं इथं लिहून काढतीये. लांबेल, पण ज्याच्या नाकाला खरंच त्रास आहे त्यानं शेवटपर्यंत वाचावं.

आधी ते "हाड" म्हणजे काय ते बघू. नाकाच्या दोन भोकांच्या मधे जो पडदा असतो तो. त्याचा पुढचा भाग हाड नसतोच, कूर्चा असते, कानाच्या पाळीच्या वरचा भाग कसा वाकतो तसली लवचिक. बोटानं नाकाचा शेंडा हलवला की ती हलते. मागं गेलं की मग हाड लागतं, वरनं एक पातळ पत्र्यासारखं खाली आलेलं आणि खालनं एक वर आलेलं. या सगळ्यावर दोन्ही बाजूंनी ओलं, भरपूर रक्तपुरवठा असलेलं अस्तर असतं. आता हा पडदा अगदी सरळ असलेली माणसं कमीच. थोडाफार वाकडा बहुतेकांचा असतो आणि त्यांना आयुष्यभर काहीही होत नाही. माझ्या नवऱ्याचा दुसऱ्याच कारणासाठी सीटी स्कॅन झाला होता, त्याच्या रिपोर्टमधे पण डीएनएस, म्हणजे पडदा वाकडा, असं लिहून आलंय. त्याला काडीचा त्रास नाही, त्यामुळं त्याला कुणी हातही लावला नाही, आणि ते बरोबरच आहे. रिपोर्टवर डीएनएस ही तीन अक्षरं आली म्हणजे ऑपरेशन करायलाच पाहिजे असं अजिबात नाही.

दुसरी गोष्ट जी मला ऑपरेशनच्या आधी कुणी सांगितली असती तर फार बरं झालं असतं ती म्हणजे टर्बिनेट. नाकाच्या बाहेरच्या भिंतीला प्रत्येक बाजूला तीन तीन अशा गुबगुबीत घड्या असतात. सगळ्यात खालची सगळ्यात मोठी. श्वासातली हवा गरम करायची, ओली करायची हे त्यांचं काम. त्यांच्यात रक्त भरलं की त्या फुगतात, कमी झालं की आक्रसतात. आणि निरोगी माणसातसुद्धा एका बाजूची फुगते तेव्हा दुसऱ्या बाजूची आक्रसते, काही तासांनी उलटं होतं, दिवसरात्र हे चालूच असतं. कायझर नावाच्या जर्मन डॉक्टरनं १८९५ मधे हे लिहून ठेवलंय. ज्याचा पडदा सरळ आहे त्याला हे कळतही नाही कारण दोन्हीकडनं मिळून हवा तेवढीच जाते. पण ज्याची एक बाजू आधीच अरुंद, त्या बाजूची फुगायची पाळी आली की ती बाजू गच्च बंद. आणि रात्री आडवं झालं की सूज अजून वाढते. मला कायम वाटायचं की दुपारी बरं असतं आणि रात्रीच असं का होतं, त्याचं उत्तर हे.

माझा पडदा वाकडा कशानं झाला असेल, तर सातवीत खो-खो खेळताना खांबाला वळसा घालताना नाक खांबावर आपटलं होतं. भरपूर रक्त आलं, आईनं डोक्यावर गार पाणी ओतलं, संध्याकाळपर्यंत थांबलं आणि विषय संपला. तेच कारण असेल असं छातीठोकपणे कुणी सांगू शकत नाही, कारण काहींचा पडदा जन्माच्या वेळी दबल्यानं वाकतो, काहींचा वाढीच्या वयात आपोआप वाकडा वाढतो. पण मार हे एक मोठं कारण आहेच, आणि मी शाळेत शिकवते त्यामुळं या मुद्द्यावर मला थांबून बोलायचंय.

पोराच्या नाकाला बॉल लागला, कोपर लागलं, रक्त आलं, की आपण त्याला मान मागं करायला लावतो. ते करायचं नाही, रक्त घशात जातं आणि उलटी होते. पुढं वाकवून बसवायचं, नाकाचा मऊ भाग दोन बोटांनी घट्ट धरायचा आणि दहा मिनिटं मधे न सोडता धरून ठेवायचा, तोंडानं श्वास घ्यायला सांगायचं. एवढं बहुतेक वेळा पुरतं. पण रक्त थांबलं म्हणजे झालं असं नाही. कधी कधी पडद्याच्या अस्तराखाली रक्त साठतं. बाहेरनं काही दिसत नाही, पण पोरगं म्हणतं दोन्हीकडनं नाक बंद झालंय आणि ठणकतंय. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, तिला सगळं पोषण त्या अस्तरातनं मिळतं, आणि मधे रक्त साठलं की ते तुटतं. ते रक्त लवकर, म्हणजे एक-दोन दिवसांच्या आत काढलं नाही तर पू होतो, कूर्चा विरघळते आणि नाकाचा मधला भाग कायमचा खाली बसतो. म्हणून आता आमच्या शाळेत नाकाला जोरात लागलेलं पोरगं असलं की मी पालकांना फोन करून सांगते, आजच कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना आत बॅटरी मारून बघायला सांगा. काही पालकांना हे जास्त वाटतं. वाटू दे.

तर माझा त्रास. उजवी बाजू जवळजवळ कायम बंद. रात्री तोंड उघडं, सकाळी घसा कोरडा ठक्क, ओठ फुटलेले. आणि शिक्षिकेला घसा म्हणजे हत्यार, सलग तास घ्यायचे तर दुसऱ्या तासालाच आवाज बसायला लागायचा. थंडीत सर्दी झाली की ती साधी राहायची नाही, गाल दुखायचे, कपाळ जड, पिवळा शेंबूड, मग अँटिबायोटिक. पहिल्यांदा दाखवलं त्या डॉक्टरांनी (नाव नको) एक्स-रे उजेडात धरला आणि "हाड वाढलंय, काढून टाकू, पुढच्या आठवड्यात या" एवढंच म्हणाले. नाकात डोकावूनही बघितलं नाही. साधा एक्स-रे यासाठी फारसा उपयोगाचा नसतो हे मला नंतर कळलं. नवरा म्हणाला, एवढ्या घाईनं नको, मिरजेला दाखवू. आमच्याकडं काहीही झालं की मिरज हे पिढ्यान्पिढ्या चालत आलेलं आहे.

मिरजेच्या मॅडमनी जे केलं ते मी सविस्तर लिहिते, कारण माझ्या मते सगळं इथंच ठरतं. त्यांनी आधी आरसा नाकाखाली धरून कुठल्या बाजूनं किती वाफ येते ते बघितलं. मग गाल बोटांनी बाहेरच्या बाजूला ओढून विचारलं, आता श्वास मोकळा वाटतो का? त्यानं नाकाच्या अगदी तोंडाजवळचा भाग अरुंद आहे का याचा अंदाज येतो. मग दुर्बीण घालून बघितलं. त्यानंतर दोन्हीकडं नाक मोकळं करायचं औषध मारून थोडा वेळ बाहेर बसायला लावलं आणि परत दुर्बीण. मी म्हणलं, मॅडम, परत कशाला? तर त्या म्हणाल्या, "औषधानं सूज उतरते, हाड उतरत नाही. औषध मारल्यावर जेवढं उघडलं तेवढा त्रास सुजेचा, ते गोळ्या-स्प्रेनं कमी होईल. जे औषधानंतरही बंदच राहिलं तेवढंच ऑपरेशनचं काम." माझी डावी बाजू चांगली उघडली होती. उजवी नाही.

पण तेव्हासुद्धा त्यांनी ऑपरेशनची तारीख दिली नाही. मला शिंकांचा त्रास पण होता, पावसाळा संपता संपता डोळे खाजणं, सटासट शिंका, म्हणजे अ‍ॅलर्जी. आपल्याकडं रस्त्याच्या कडेला, पडक्या रानात ते गाजर गवत माजतं ना, पांढऱ्या बारीक फुलांचं, त्याच्या परागांनी कितीतरी लोकांना हा त्रास होतो. हे गवत आपलं नव्हे, बाहेरनं आलेलं. भारतात त्याची पहिली नोंद १९५५ च्या सुमारास पुण्यात झाली आणि तिथनं ते देशभर पसरलं. मॅडम म्हणाल्या, अ‍ॅलर्जीचा बंदोबस्त न करता पडदा सरळ केला तर तू सहा महिन्यांनी येऊन मलाच विचारशील की हाड परत वाढलं का. म्हणून आधी स्टेरॉइडचा स्प्रे, रोज, न चुकता, दोन महिने तरी, आणि मिठाच्या पाण्यानं नाक धुणं. स्टेरॉइड म्हणल्यावर आई घाबरली. पण हा स्प्रे नाकातल्या नाकात काम करतो, अंगात फार थोडा जातो, आणि त्याचा गुण यायला दिवस लागतात, मारला की लगेच नाक उघडलं असं होत नाही.

हा स्प्रे आणि मेडिकलमधनं लोक आपलं आपण आणतात ते नाक उघडायचे ड्रॉप्स या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत. त्या ड्रॉप्समधे झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिन असतं, ते रक्तवाहिन्या आवळतं, दोन मिनिटांत नाक मोकळं, फार बरं वाटतं. पण पाच-सात दिवसांच्या वर वापरलं की औषध उतरल्यावर नाक आधीपेक्षा जास्त बंद होतं, मग परत ड्रॉप्स, मग अजून बंद. माझे चुलते कित्येक वर्षं उशाला ती बाटली घेऊन झोपायचे, त्यांच्या पडद्याला काही झालेलंच नव्हतं, सगळं त्या ड्रॉप्सचं. त्यांना ऑपरेशन नाही करावं लागलं, बाटली सोडवावी लागली, आणि ती सोडताना आठवडा-दोन आठवडे त्यांचे फार हाल झाले. तुमच्या घरात कुणी असं असेल तर कृपा करून त्यांना डॉक्टरकडं न्या.

स्प्रेनं माझ्या शिंका गेल्या, डावी बाजू छान झाली. उजवी होती तिथंच. मग सीटी स्कॅन. पडदा उजवीकडं वळलेला, मागच्या बाजूला हाडाचं एक टोक बाहेर आलेलं आणि ते टर्बिनेटला टेकलेलं. आणि डावीकडं जिथं जागा जास्त झाली तिथलं टर्बिनेट मोठं झालेलं. हे असं बऱ्याच जणांत होतं, एका बाजूला पडदा वळला की दुसऱ्या बाजूचं टर्बिनेट ती मोकळी जागा भरून काढतं. म्हणून काही जण म्हणतात, वाकडं उजवीकडं आहे पण बंद डावी वाटते. त्यामुळं नुसता पडदा सरळ करून चालत नाही, सरळ झालेला पडदा डावीकडं सरकणार तर तिथलं मोठं टर्बिनेटही थोडं लहान करावं लागतं. थोडंच. जास्त कापलं तर नाक उघडं असूनही हवा गेल्यासारखी वाटत नाही, कोरडं पडतं, माणूस हैराण होतो. मी मॅडमना स्पष्ट विचारलं होतं, टर्बिनेटचं काय करणार, किती करणार. तुम्हीही विचारा. आतनं आक्रसवणं आणि बाहेरच्या बाजूला ढकलणं यावर भागत असेल तर डॉक्टर तेवढंच करतात.

नवरा सायन्सचा माणूस, त्याला पुरावा पाहिजे होता. त्यानं शोधून दोन मोठे अभ्यास काढले. एक नेदरलँड्सचा, २०१९ मधे लॅन्सेट या डॉक्टरी नियतकालिकात आलेला, २०३ माणसं, चिठ्ठी टाकल्यासारखे दोन गट केले, एकाचं ऑपरेशन, दुसऱ्याला औषधं किंवा नुसतं लक्ष ठेवणं. दुसरा ब्रिटनचा, २०२३ मधे बीएमजे या तसल्याच नियतकालिकात, १७ हॉस्पिटलं, ३७८ माणसं, एका गटाचं ऑपरेशन, दुसऱ्याला सहा महिने स्टेरॉइड आणि मिठाच्या पाण्याचा स्प्रे. या दुसऱ्या अभ्यासात त्रासाचे २२ प्रश्न विचारून शून्य ते ११० असे मार्क देतात, जितके कमी तितकं बरं. सहा महिन्यांनी ऑपरेशनवाल्यांचे सरासरी १९.९ आणि स्प्रेवाल्यांचे ३९.५. फरक चांगलाच आहे. पण हे लक्षात घ्या की त्या अभ्यासात माणसं निवडून घेतली होती, ज्यांचा पडदा वाकडा आणि त्याच्यामुळं ज्यांना खरंच त्रास होता अशी. सरसकट कुणालाही धरून केलं तर तेच आकडे येतील असं मला वाटत नाही.

मी इतिहास शिकवते, त्यामुळं हे ऑपरेशन कुठनं आलं ते बघितल्याशिवाय मला राहवलं नाही. १७५७ मधे क्वेलमाल्ट्झ नावाच्या जर्मन डॉक्टरनं वाकड्या पडद्यावर लिहिलंय आणि त्याचा इलाज काय, तर रोज बोटानं पडदा सरळ बाजूला दाबायचा! नंतर एकोणिसाव्या शतकात सरळ कापून, भोक पाडून बघितलं. १९०२ मधे शिकागोचा फ्रीअर आणि १९०४ मधे जर्मनीचा किलियन यांनी अस्तर न फाडता ते दोन्हीकडनं अलगद सोडवायचं आणि मधली वाकडी कूर्चा-हाड काढून टाकायचं अशी पद्धत बसवली. ही मोठी सुधारणा होती, आजही अस्तर सोडवायचं जे चपटं हत्यार असतं त्याला फ्रीअरचंच नाव आहे. पण त्यात कूर्चा फार काढली जायची, आणि आधार गेला की काहींचं नाक पुढं वर्षांनी खाली बसायचं, पडद्याला भोक पडायचं. मग १९४०-५० च्या दशकांत शिकागोचे मॉरिस कॉटल आणि इतरांनी सांगितलं की काढू नका, सरळ करा. वाकडं तेवढंच घ्या, बाकी ठेवा, काढलेली कूर्चा सरळ करून परत बसवता आली तर बसवा. आता वरनं आणि पुढनं किमान एक सेंटिमीटर रुंदीची पट्टी, इंग्रजी एल अक्षराच्या आकाराची, तशीच ठेवायची हा नियमच आहे, कारण नाकाचा सगळा भार तिच्यावर. आपल्या आजी-आजोबांच्या पिढीनं "नाकाचं ऑपरेशन केलं की नाक बसतं" असं जे म्हणून ठेवलंय त्याच्या मागं ही जुनी पद्धत असावी असं माझं मत आहे.

(आणि जाता जाता, नाकाच्या शस्त्रक्रियेत आपल्या मुलखाचं नाव फार मोठं आहे. इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणाऱ्या कावसजीचं नाक टिपूच्या लोकांनी कापलं आणि पुण्याजवळ वीटभट्टीवाल्यांपैकी एकानं त्याच्या कपाळाच्या कातड्यानं त्याला नवं नाक करून दिलं, ही हकिगत ऑक्टोबर १७९४ मधे लंडनच्या जंटलमन्स मॅगझीनमधे छापून आली आणि त्यावरनं १८१४ मधे कार्प्यू यांनी लंडनमधे तसं ऑपरेशन केलं. ते बाहेरच्या नाकाचं, माझं आतल्या पडद्याचं, दोन्ही वेगळी. पण ज्या माणसानं ते नाक केलं त्याचं नावसुद्धा कुठं लिहून ठेवलेलं नाही याचं मला दरवेळी वाईट वाटतं.)

ऑपरेशन दिवाळीच्या सुट्टीत ठरवलं. आधी रक्त, साखर, रक्त गोठायची तपासणी, ईसीजी, छातीचा एक्स-रे, भूलतज्ज्ञांकडनं फिटनेस. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ती आधीच सांगायची, लपवायची नाही. आदल्या रात्रीपासनं उपाशी. पूर्ण भूल देतात, साधारण तासाभराचं काम, सगळं नाकाच्या भोकातनं, बाहेर टाका नाही की व्रण नाही, आणि नाक फोडत नाहीत. नाकाचा आकारही बदलत नाही, जाऊबाईंना वाटत होतं मी नाक सरळ करून येणार.

शुद्धीवर आल्यावर काय होतं हे कुणी नीट सांगत नाही म्हणून सांगते. दुखत नाही फार. पण दोन्ही नाकपुड्या आत पॅक, म्हणजे रक्त येऊ नये म्हणून घातलेले बोळे, भरून बंद असतात आणि तोंडानंच श्वास घ्यावा लागतो. पाण्याचा घोट गिळला की कानात दडे बसल्यासारखं होतं, कारण हवा नाकातनं जायला जागा नसते. डोळ्यांतनं पाणी येत राहतं. घसा भुलीच्या नळीनं खवखवतो. रात्र लांब वाटते. ज्याला बंद जागेची भीती वाटते त्यानं आधीच डॉक्टरांना सांगावं, आता सगळेच पॅक भरत नाहीत, काही जण आतनं टाके घालून दोन्ही अस्तरं एकमेकांना चिकटवतात किंवा पातळ सिलिकॉनच्या पट्ट्या, म्हणजे स्प्लिंट, बसवतात. मला दोन्ही होतं, पॅक एक-दोन दिवसांत काढले, स्प्लिंट आठवडाभरानं. पॅक काढताना एक क्षण असं वाटतं की एवढं मोठं नाकात होतं कुठं, डोळ्यांतनं धारा लागतात, आणि झालं. उशीचा उंच थर करून झोपायचं, वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, नाक शिंकरायचं नाही आणि शिंक आलीच तर तोंड उघडून. सासूबाईंनी मला स्वयंपाकघरात पाऊल टाकू दिलं नाही, फोडणीच्या धुरानं ठसका लागेल म्हणून दारसुद्धा लावून घ्यायच्या, चकल्या-करंज्या सगळं त्यांनी आणि आईनं मिळून केलं. मऊ भात, ताक, कोमट पेज असलं खाल्लं. गरम गरम आणि तिखट नको, रक्त येतं.

एक गोष्ट जिला मी दचकले असते पण मॅडमनी आधीच सांगून ठेवली होती, वरचे पुढचे दात आणि त्यामागचा टाळू बधिर लागतो. तिकडं जाणारी नस पडद्याच्या अस्तरातनंच जाते. काही आठवड्यांत हळूहळू संवेदना परत येते. वासही सुरुवातीला येत नाही, सूज उतरली की येतो.

खरं काम पुढच्या महिन्याभराचं आणि ते आपणच करायचं असतं. दिवसातनं तीन-चार वेळा मिठाच्या पाण्यानं नाक धुणं. आत खपल्या धरतात, त्या पाण्यानं मऊ करून सोडवायच्या, बोट घालायचं नाही. आपल्याकडं जलनेती करतात त्याच जातीचं हे काम, फक्त पाणी उकळून गार केलेलं पाहिजे. नळाचं, बोअरचं पाणी तसंच नाकात घ्यायचं नाही, त्यात मेंदूला जाणारा अमिबा असू शकतो, क्वचित होतं पण झालं तर माणूस वाचणं कठीण. ठरलेल्या तारखांना तपासायला जायचंच, कारण डॉक्टर आत बघून साफ करतात आणि पडदा नि टर्बिनेट एकमेकांना चिकटत नाहीत ना ते बघतात. आणि ताप आला, दोन्ही बाजू परत अचानक गच्च झाल्या, दुखणं वाढत चाललं, किंवा लालभडक रक्त थांबेना, तर तारखेची वाट न बघता त्याच दिवशी जायचं.

आता तो प्रश्न. परत वाढतं का? मोठ्या माणसात वाढ संपलेली असते, काढलेलं हाड परत उगवत नाही. मग लोकांचं नाक परत बंद का होतं? मी मॅडमना एक एक करून विचारलं. कूर्चेला वाकायची सवय असते, ती कधी कधी थोडी परत वळते, विशेषतः अगदी पुढचा भाग. कधी पहिल्या ऑपरेशनमधेच मागचं किंवा पुढचं काही राहून गेलेलं असतं. कधी आत अस्तरं एकमेकांना चिकटतात. सगळ्यात जास्त वेळा, अ‍ॅलर्जी चालूच असते, माणूस "आता ऑपरेशन झालं" म्हणून स्प्रे सोडून देतो आणि टर्बिनेट फुगतात. आणि आपल्याकडं "नाकात मांस वाढलंय" म्हणतात ते पॉलिप, ते मात्र काढले तरी खरोखरच परत येऊ शकतात, आणि त्याचं ऑपरेशनही वेगळं असतं. म्हणजे हाडाच्या नावावर हे पाच वेगवेगळे आजार खपतात. आमच्या गावातला तो प्रसिद्ध दोनदा ऑपरेशन झालेला मेव्हणा, त्याला मी मुद्दाम फाईल आणायला लावली. पॉलिपच होते. त्यानं कधी पडद्याचं ऑपरेशन केलंच नव्हतं, आणि त्याच्या नावानं किती जणांनी आपलं नाक तसंच बंद ठेवलं असेल.

घोरण्याबद्दल पण फार जण विचारतात. नाक मोकळं झालं की काहींचं घोरणं कमी होतं. पण झोपेत श्वास थांबतो, मधेच दचकून उठतात, दिवसभर पेंगतात, तो स्लीप अ‍ॅप्निया नुसत्या पडद्याच्या ऑपरेशननं सहसा जात नाही, त्यातली अडचण बहुतेक घशाच्या मागं असते. त्याला झोपेची तपासणी वेगळी करावी लागते. त्यासाठी मास्कमधनं हवा देणारं मशीन लावून झोपायची वेळ आली तर मोकळ्या नाकानं ते मशीन सोसायला सोपं जातं एवढा फायदा नक्की आहे. घोरणं थांबेल या एकाच आशेवर ऑपरेशन करू नका.

आणि मेडिक्लेम असेल तर आधी पॉलिसी काढून वाचा. बऱ्याच पॉलिसींमधे पडदा, सायनस, टॉन्सिल या गोष्टींना सुरुवातीचे २४ महिने कव्हर नसतं. आणि फाईलवर श्वासाच्या त्रासासाठी असं स्पष्ट असलं पाहिजे, दिसण्यासाठी केलेलं कुठलीच कंपनी सहसा देत नाही.

आता माझी उजवी बाजू चालते. सकाळी घसा ओला असतो, शेवटच्या तासापर्यंत आवाज टिकतो. गाजर गवत फुललं की मी स्प्रे परत सुरू करते, तो बंद होणार नाही आणि मला त्याचं काही वाटत नाही.

नणंदेचा मुलगा आता नववीत आहे, त्याचाही पडदा वाकडा निघाला. माझं बघून नणंद म्हणाली, वहिनी, करूनच टाकू सुट्टीत. त्याला घेऊन मिरजेला गेलो. मॅडम म्हणाल्या, त्याचं नाक अजून वाढतंय, कूर्चेतनंच ते वाढतं, आता हात लावला तर वाढीवर परिणाम होऊ शकतो, फारच वाईट अवस्था असती तर वेगळा विचार केला असता, पण याला रात्री झोप लागतीये, खेळतोय, तेव्हा सोळा-सतरा वर्षांपर्यंत थांबू. त्याचं सध्या स्प्रे आणि मीठपाणी चालू आहे, दर सहा महिन्यांनी दाखवायचं आहे, आणि कीपिंग करताना हेल्मेट घालायचं हे मी त्याच्याकडनं कबूल करून घेतलंय.